माफ झालं की वहीतून काढलं?

आमच्या तालुक्याला दोन नावं आहेत. सरकारी कागदावर केळापूर, एसटीच्या पाटीवर पांढरकवडा. केळापूर हे खरं तर जगदंबेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं जवळचं गाव. तहसील, बाजार, बँका, कापसाच्या जिनिंग, सगळं पांढरकवड्यात. बाहेरगावच्या माणसाचा थोडा घोळ होतो, पण त्यात नुकसान कुणाचं होत नाही. एका गोष्टीला दोन नावं असली तर चालतं. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलं, की मात्र माणूस बुडतो. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्यात माझाही दोष आहे. म्हणून लिहितो आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. मोहल्ल्यात इंग्रजी शिकवणारा माणूस म्हणजे फुकटचा वकील. विम्याचं पत्र, दवाखान्याचा रिपोर्ट, बँकेची नोटीस, काहीही आलं की लोक घेऊन येतात. घरात आम्ही उर्दू बोलतो, शेतात आणि बाजारात वऱ्हाडी. पण ज्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा, तो बहुतेक वेळा या दोन्हींपैकी कुठल्याच भाषेत नसतो.

२००८ ची गोष्ट. त्या वर्षी २९ फेब्रुवारीला अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात देशभरातल्या शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. साठ हजार कोटी हा आकडा चहाच्या टपरीवरही पाठ झाला होता. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा आत्महत्यांची बातमी नसलेला आठवडा सापडत नव्हता. दोन वर्षांपूर्वी पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात येऊन गेले होते. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी पॅकेजही दिलं गेलं होतं. तरी घरातलं कर्ज घरातच होतं. त्यामुळे माफी म्हटल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडला.

बँकांनी लाभार्थ्यांच्या याद्या शाखेच्या फलकावर लावायच्या होत्या. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा मला सोबत घेऊन गेले. सात एकर कोरडवाहू शेती, त्यात पऱ्हाटी आणि तूर, विहीर नाही. खात्यावर साठ हजार थकलेले. फलकावर इंग्रजीत दोन याद्या होत्या. एकीवर ‘डेट वेव्हर’, दुसरीवर ‘डेट रिलीफ’. चाचांचं नाव दुसऱ्या यादीत सापडलं. मी म्हणालो, “चाचा, नाव आहे. सुटलात.”

चाचांनी त्या संध्याकाळी पेढे वाटले. मीही खाल्ला.

त्यांच्या बांधाला बांध लागून एका कुणबी शेतकऱ्याचं शेत आहे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंची साडेचार एकर. त्यांचं नाव पहिल्या यादीत होतं. मला वाटलं, दोन याद्या म्हणजे दोन कागद, बाकी काय. वेव्हर म्हणजे माफी आणि रिलीफ म्हणजेही माफीच. मुलांना मी रिलीफचा अर्थ ‘सुटका, आराम’ असा सांगत आलो होतो. शब्दकोशात तो आहेही.

फरक असा होता. योजनेचं नावच दोन शब्दांचं होतं, कर्जमाफी आणि कर्जसवलत. ज्याची जमीन दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत, त्याला माफी. योजनेत बसणारी सगळी थकबाकी सरकार बँकेला देणार आणि शेतकरी मोकळा. ज्याची जमीन पाच एकरांहून जास्त, तो ‘इतर शेतकरी’. त्याला पंचवीस टक्के सूट, तीही आधी उरलेले पंचाहत्तर टक्के भरले तर. यवतमाळसारख्या अडचणीतल्या जिल्ह्यांसाठी पंचवीस टक्के किंवा वीस हजार, यातली मोठी रक्कम. चाचांच्या साठ हजारांचे पंचवीस टक्के पंधरा हजार होतात, म्हणून त्यांना सूट वीस हजारांची. बाकीचे चाळीस हजार त्यांनी हप्त्यांनी भरायचे होते. पहिला हप्ता सप्टेंबर २००८ पर्यंत, शेवटचा जून २००९ पर्यंत. पुढे ही मुदत दोनदा वाढली, जून २०१० पर्यंत गेली.

चाचांनी एक पैसा भरला नाही. का भरतील? मास्टरने सांगितलं होतं, सुटलात.

बँकेचा माणूस वसुलीला आला तेव्हा मुदत संपलेली होती आणि सूटही गेली होती. चाचा माझ्याकडे कागद घेऊन आले. त्यांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही. एवढंच विचारलं, “बेटा, रिलीफ मतलब क्या होता है?”

तेव्हा मी पहिल्यांदा या दोन शब्दांकडे नीट पाहिलं. वेव्हर म्हणजे ज्याचा हक्क आहे त्याने तो आपणहून सोडून देणं. रिलीफ म्हणजे भार हलका करणं. डोक्यावर भारा असेल तर वेव्हरमध्ये तो खाली उतरतो. रिलीफमध्ये त्यातल्या चार पेंढ्या कुणीतरी काढून घेतं, भारा डोक्यावरच राहतो. मराठीत आपण या दोघांना मिळून ‘कर्जमाफी’ म्हणत होतो. पेपरात तेच, भाषणात तेच, फलकासमोर उभ्या असलेल्या माझ्या तोंडातही तेच.

पाच एकरांची ती रेषा विदर्भाला अन्यायाची होती, हे तेव्हाही अनेकांनी सांगितलं. पाण्याखालची तीन एकर आणि पावसावरची सात एकर यांची तुलना होत नाही. ज्याच्याकडे बारमाही पाणी तो ‘अल्पभूधारक’ ठरला, आणि ज्याच्याकडे नुसतं आभाळ तो ‘इतर’. या धोरणावर भांडता आलं असतं. भांडणारे भांडलेही. पण भांडायला आधी कळावं लागतं, की आपल्याला मिळालं आहे ते नेमकं काय. चाचांना ते मी कळू दिलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी दुसरी जोडी भेटली. चाचा बँकेत चौकशीला गेले, तर कुणीतरी सांगितलं की तुमचं खातं ‘राईट ऑफ’ झालं. चाचा हसतमुखाने आले. “अब तो माफ हुआ ना?”

या वेळी मी घाईने उत्तर दिलं नाही. बँकेत काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. त्याने समजावलं ते असं. कर्ज बराच काळ थकलं की बँक त्याच्या बुडीतीची तरतूद स्वतःच्या नफ्यातून करत जाते. साधारण चार वर्षांनी ही तरतूद पूर्ण झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढून टाकते, म्हणजे ताळेबंद स्वच्छ दिसतो. सरकारी मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. हा शब्द ऐकून कुणाला काही कळेल असं मला वाटत नाही. पण कर्जदाराचं देणं तसंच राहतं. बँक नोटीस पाठवू शकते, कोर्टात जाऊ शकते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा जागचा हलत नाही. भाऱ्याचाच दाखला द्यायचा तर भारा तुमच्या डोक्यावरच आहे, बँकेने फक्त तो मोजणं बंद केलं.

मी चाचांना सांगितलं, “चाचा, बँकेने आपल्या वहीतून काढलं. तुमच्या नावावरून नाही.” त्यांचा चेहरा पडला. पण या वेळी पेढे वाटले गेले नाहीत.

२०१६ च्या हिवाळ्यात चाचा गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जनाजाच्या नमाजआधी घरचा माणूस, बहुतेक वेळा मुलगा, पुढे येऊन सांगतो, की मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर मला सांगा, ते मी देईन किंवा तुम्ही माफ करा. ही नुसती रीत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) जनाजा समोर आला की याच्यावर कर्ज आहे का, हे विचारत, असं हदीसमध्ये आहे. सुरुवातीच्या काळात, कर्ज फेडण्याएवढं मागे ठेवलेलं नसेल तर ते स्वतः नमाज पढवत नसत, साथीदारांना पढायला सांगत. पुढे बैतुलमालमध्ये ऐपत आली, तेव्हा गरीब मृताचं कर्ज त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घेतलं.

चाचांच्या मुलानेही उभं राहून सांगितलं. कृषी केंद्रवाल्याने तिथंच हात वर करून उधारी माफ केली. खरा वेव्हर तो. ज्याचा हक्क होता त्याने चार लोकांसमोर सोडला आणि विषय संपला.

रात्री मुलगा माझ्याकडे आला. “सर, बँकेचं काय? त्यांनी तर राईट ऑफ केलं आहे. अब्बांवर ते कर्ज आहे की नाही?”

या प्रश्नाने मला हलवून सोडलं. इतके दिवस मी या शब्दांकडे पैशाचा मामला म्हणून पाहत होतो. त्या मुलासाठी तो बापाच्या आखिरतचा मामला होता. वेव्हर असेल तर बाप मोकळा. राईट ऑफ असेल तर बाप अडकलेला. एका इंग्रजी शब्दावर एवढं मोठं ओझं असू शकतं, हे मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. व्याजाचा मुद्दा वेगळा आहे, तो आज बाजूला ठेवतो. मुद्दल तर घेतलेलं होतंच. मी म्हणालो, “आहे.”

त्याने दोन म्हशी विकल्या, मेहुण्याकडून थोडे घेतले आणि बँकेशी एकरकमी तडजोड करून खातं मिटवलं. तिथं तिसरी जोडी भेटली. पतअहवालात ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ हे शब्द वेगवेगळे असतात. पूर्ण भरलं तर क्लोज्ड, तडजोडीने कमी भरलं तर सेटल्ड. सेटल्ड शिक्का पाहून पुढची बँक कपाळाला आठ्या घालते. आपण मात्र दोन्हींना ‘खातं मिटलं’ म्हणतो.

काही महिन्यांनी, जून २०१७ मध्ये, राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. कदाचित ते खातं त्यात बसलं असतं. मी हळहळ व्यक्त केली तेव्हा मुलगा म्हणाला, “सर, अब्बांचा हिशेब सरकारच्या तारखेसाठी थांबवता आला नसता.” मला त्यावर काही बोलता आलं नाही.

त्या योजनेचं नाव होतं ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’. तिच्यातही दोन गोष्टी एका नावाखाली होत्या. थकबाकी दीड लाखाच्या आत असेल तर माफी. वर असेल तर आधी वरची रक्कम तुम्ही भरा, मग दीड लाख सरकार देईल, म्हणजे पुन्हा रिलीफ. डिसेंबर २०१९ मध्ये ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ आली. त्यात दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीला माफी होती, त्याहून मोठं खातं बाहेर. ‘मुक्ती’ या शब्दामागे इतिहास आहे. शरद जोशींची शेतकरी संघटना फार आधीपासून सांगत होती, की माफी गुन्ह्याची असते, शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, म्हणून कर्जमुक्ती म्हणा. तो युक्तिवाद मला पटतो. पण नाव मुक्ती ठेवून अटी सवलतीच्या असतील, तर फलकासमोर उभा असलेला शेतकरी पुन्हा फसणारच.

आता एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी संदेश फिरतो, की सरकारने उद्योगपतींची दहा लाख कोटींची कर्जं माफ केली, आणि शेतकऱ्याला मात्र काही नाही. राग खरा आहे, शब्द चुकीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दिलेल्या उत्तरात आकडा होता, आधीच्या पाच वर्षांत बँकांनी दहा लाख कोटींहून अधिक कर्ज राईट ऑफ केलं. माफ केलं, असं ते उत्तर म्हणत नाही. आपण ‘माफ’ म्हटलं की समोरचा लगेच पकडतो, ‘तुम्हाला बँकिंग कळत नाही’ म्हणतो आणि वाद तिथंच संपतो. नेमका शब्द वापरला तर प्रश्न जास्त धारदार होतो. त्याच काळात राईट ऑफ केलेल्या खात्यांतून वसूल झाले सुमारे एक लाख बत्तीस हजार कोटी. म्हणजे शंभर रुपये वहीतून काढले त्या काळात अशा जुन्या-नव्या खात्यांतून तेरा रुपये परत आले. देणं शिल्लक आहे असं तुम्ही सांगता, मग बाकीचं वसूल का होत नाही? सात एकरवाल्याच्या सातबाऱ्यावरून बोजा हलत नाही आणि मोठ्याचं निर्लेखन हळूहळू माफीसारखं का होऊन जातं? या प्रश्नाला ‘तुम्हाला कळत नाही’ हे उत्तर चालत नाही.

असाच गोंधळ ‘डिफॉल्टर’ आणि ‘विलफुल डिफॉल्टर’ यांत आहे. पहिला थकबाकीदार. दुसरा म्हणजे देण्याची ऐपत असून न देणारा किंवा कर्जाचा पैसा भलतीकडे वळवणारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमात हा दुसरा शिक्का पंचवीस लाख आणि त्याहून मोठ्या कर्जांसाठी आहे. म्हणजे बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ल्यामुळे ज्याचे साठ हजार थकले, तो या व्याख्येत बसूच शकत नाही. तरी गावात, कधी कधी काउंटरवरही, त्याला ‘बुडव्या’ म्हटलं जातं. इस्लामने हा फरक फार आधी केला आहे. ऐपत असलेल्याने देणं लांबवणं हा जुलूम आहे, असं हदीस सांगते. आणि जो खरोखर अडचणीत आहे, त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, आणि सोडूनच दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं, असा सूरा बकरामधल्या २८० व्या आयतीचा आशय आहे. मुदत वेगळी, माफी वेगळी. दोन्हींचा उल्लेख आहे, आणि वेगवेगळा आहे.

त्याच्या थोडंच पुढे, २८२ क्रमांकाची, कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. ती इबादतीबद्दल नाही, कर्जाच्या कागदाबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा. आणि मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्याने. तो दुबळा असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा. ही आयत मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मला चाचांच्या प्रकरणानंतर कळला. कागदातले शब्द कर्जदाराच्या तोंडचे असावेत, म्हणजे तो कशाला बांधला जातो आहे आणि कशातून सुटतो आहे, हे त्याला ठाऊक असेल. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. शब्द धनकोचे, भाषा तिसऱ्याची, आणि अंगठा आपला.

‘कर्ज’ आणि ‘माफ’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले आणि इथलेच झाले. तुकडोजी महाराजांचं भजन म्हणणारा भाऊही तेच शब्द वापरतो आणि नमाज पढणारे चाचाही तेच वापरत होते. हे शब्द सगळ्यांना कळतात. म्हणून ते जपून वापरायला हवेत.

माझं मागणं मोठं नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य अटींचं एक पत्रक सक्तीचं केलं आहे. ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असावं आणि त्याला समजावून सांगावं, असा नियम आहे. पीककर्जाच्या प्रत्येक फाईलमध्ये आणि कर्जमाफीच्या प्रत्येक यादीवर असंच एक पान मराठीत असलं पाहिजे. त्यावर ‘निर्लेखन’ लिहू नका. सरळ लिहा, ‘बँकेच्या वहीतून काढलं, देणं कायम’. सवलतीच्या यादीवर लिहा, ‘अमुक तारखेपर्यंत इतके भरले तरच इतकी सूट’. माफीच्या यादीवर लिहा, ‘आता काही देणं नाही’, आणि सोबत बेबाकी दाखला द्या, म्हणजे तलाठ्याकडे बोजा उतरवता येईल.

जे सरकारने करायचं ते सरकार करील तेव्हा करील. आपल्यापैकी ज्यांना चार अक्षरं इंग्रजी येतात त्यांनी एवढं करावं, की कुणाचा कागद वाचताना शब्दाचा अर्थ नक्की ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असं म्हणावं. मी गेली काही वर्षं जुम्मानंतर तासभर मशिदीच्या ओट्यावर बसतो. मोहल्ल्यातले येतात, भाऊही त्यांचे कागद घेऊन येतात. वाचून दाखवतो, न कळलेलं वहीत टिपून घेतो आणि सोमवारी बँकेत जाऊन विचारतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी दोनच शब्द लिहून ठेवले आहेत, वेव्हर आणि रिलीफ.